जस्ताचा मुलामा : नाव एक, तऱ्हा अनेक

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी लोखंडाची कामे निघतात. पडवीवर पत्रा घालायचा असतो, खिडकीला ग्रिल बसवायचे असते, पाण्याच्या टाकीखालचा सांगाडा बदलायचा असतो. "गंजणार नाही ना?" असे विचारले की दुकानदाराचे उत्तर ठरलेले : "छे हो ताई, जस्ताचं आहे!" मैत्रिणींनो, तो खोटे बोलत नसतो, पण पुरतेही सांगत नसतो. जस्त चढवण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. एकीचे जस्त दोन-चार पावसाळ्यांत संपते, तर दुसरीचे तान्ह्या मुलाच्या लग्नापर्यंत पुरते!

तुम्ही म्हणाल, मग सरळ रंगच का देऊ नये? रंग लोखंडाला नुसता झाकतो. ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो. जस्ताचे तसे नाही. लहानसा ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. धाकट्याच्या वाटचा मार थोरल्या बहिणीने खावा, तसेच हे. पण म्हणजेच जस्त खर्च होत असते. म्हणून थर किती जाड, हाच खरा प्रश्न.

हा थर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

विजेचा मुलामा : वस्तू जस्ताच्या क्षारांच्या पाण्यात बुडवून वीज सोडतात. थर गुळगुळीत, चकचकीत बसतो, पण बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचाच. घरातले स्क्रू, कड्या, बिजागऱ्या यांना तो पुरे. उघड्यावर मात्र नको. चकाकीला भुलू नका!

वितळलेल्या जस्तात बुडवणे : यालाच 'हॉट डिप' म्हणतात. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली याचे पेटंट घेतले. लोखंड आम्लात धुऊन सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त नुसते वर बसत नाही, लोखंडाशी एकजीव होते. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी निदान ७० मायक्रॉनचा थर बसावा, असे मानक आहे. दिसायला राखी, कुठे ओघळ आलेला, पण टिकाऊ.

पत्रा : कारखान्यात पत्राही वितळलेल्या जस्तातूनच काढतात, पण भराभर, त्यामुळे थर पातळ. '२७५ ग्रॅम' असे लिहिलेले असेल तर ते दोन्ही बाजूंचे मिळून, एका चौरस मीटरचे जस्त. एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. '१२०' लिहिलेला पत्रा स्वस्त का, हे आता उमगले ना? जस्त-ॲल्युमिनियमचा पत्रा छपराला अधिक टिकतो, पण गोठ्यावर घालू नये. गोमूत्र-शेणाच्या वाफा त्याला सोसत नाहीत.

जस्ताचा रंग : ब्रशने लावायचा, भरपूर जस्तपूड असलेला रंग. हा डागडुजीसाठी. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, तिथे हा लावून घ्यावाच. जस्ताच्या लोखंडावर वेल्डिंग चालू असताना मुलांना दूर ठेवा. त्या धुराने थंडीताप भरतो.

आता हिशेब करू. समुद्रापासून दूरच्या गावात वर्षाला एक-दोन मायक्रॉन जस्त झिजते, समुद्राकाठी चार किंवा अधिकही. म्हणजे रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात आठ मायक्रॉनचा मुलामा दोन वर्षांत उडेल. ७० मायक्रॉनचा पंधरा-सतरा वर्षे निघेल. हॉट डिपला आधी पैसे जास्त पडतात खरे. पण वरच्या मजल्यावरचे ग्रिल बाहेरून रंगवायला दर तीन-चार वर्षांनी परांची बांधायचा खर्च धरा, म्हणजे स्वस्त काय ते कळेल. टाकीखालचा सांगाडा तर गंजून खचला, तर जिवाशीच गाठ.

जस्ताच्या वस्तूंना थोडी काळजीही लागते. नवे पत्रे ओले, एकावर एक रचून ठेवू नका. पांढरी भुकटी धरते. तांब्यावरून ओघळलेले पाणी त्यांवर पडू देऊ नका. संडास धुण्याचे ॲसिड जस्ती बादलीत ओतू नका. आणि त्या बादलीत ताक, पन्हे, कोकमाचे सरबत, चिंचेचा कोळ कधीही ठेवू नका. आंबटाने जस्त विरघळते, आणि पंगतीतल्या पंगतीत उलट्या सुरू होतात.

तेव्हा पुढच्या खेपेला तीन गोष्टी विचारा : जस्त कोणत्या रीतीने चढवले? थर किती मायक्रॉनचा? वेल्डिंग आधी की नंतर? ग्रिल आधी जोडून मग बुडवलेले असेल तर उत्तम. आणि उत्तरे पावतीवर लिहून घ्यायला मुळीच संकोचू नका. पैसे आपले, घरही आपले!