पेढीवरून बालवाडीत

मालवणच्या बाजारपेठेत मे महिना म्हणजे हंगामाचा कळस. पर्यटकांची रीघ, काजू-कोकमाची उलाढाल, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची लगबग. दुकानदार कुटुंबाला क्षणाची उसंत नसते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. म्हणजे तीन वर्षांच्या बालकाच्या मनाची तयारी ज्या महिन्यात व्हावयास हवी, नेमक्या त्याच महिन्यात घरात कोणाला वेळ नसतो. मग दप्तर, डबा आणि रेनकोट आणला की तयारी झाली, असे आपण समजतो.

व्यापारी घरातील मूल सहसा बुजरे नसते. गल्ल्याजवळ बसून त्याने शेकडो अनोळखी माणसे पाहिलेली असतात. मात्र ते एकटे कधीच नसते. आजी भरवते, काका चप्पल घालतात, दुकानातील नोकर कडेवर घेतो. मागण्यापूर्वीच पाण्याचा पेला पुढे येतो. अशा मुलाची वर्गात पंचाईत होते ती अक्षरे येत नाहीत म्हणून नव्हे. तहान लागली, लघवीला जायचे आहे, हे परक्या माणसाला सांगण्याची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते. त्यातून घरची बोली गुजराती किंवा मारवाडी असेल, तर हे दोन-चार शब्द शाळेच्या भाषेत आधीच शिकवावेत.

आपल्याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी 1945 साली ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी पूर्वी काम केले होते. अनुताई वाघ बोर्डीत त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पाने, खडे, शंख-शिंपले हीच साधने केली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचारही तिथलाच.

आपल्या दुकानात तर अशा साधनांचे भांडारच आहे. चिंचोके आणि काजू वेगळे करणे, डब्यांना झाकणे लावणे, सुटी नाणी आकाराप्रमाणे मांडणे (मोठ्यांच्या देखरेखीखाली, कारण या वयात सारे तोंडात जाते). शिंपल्यांबद्दल घरात संकोच असेल, तर समुद्रकाठचे खडे पुरतात. बोटांत बळ येते ते अशा कामांनी. तरीही प्रवेशापूर्वीच पेन्सिल हाती देऊन 'अ' गिरवून घेणारी घरे कमी नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. एवढी घाई मग कोणासाठी?

डब्याचा प्रश्न आपल्या घरांत अधिक नाजूक. मालवणात शेजारच्या मुलाच्या घरी मासळी रोजचीच. आपले मूल तिकडे पाहून 'छी' म्हणाले, तर त्याची पहिली मैत्री तिथेच तुटेल. 'आमच्या घरी हे खात नाहीत' एवढेच साधे वाक्य, नाक न मुरडता म्हणावयास शिकवावे. कांदा, बटाटा चालत नसल्याचे बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. घावन, केळे, खाकरा हे मुलाला स्वतःच्या हाताने खाता येते, आणि सध्या तेच महत्त्वाचे.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन हा आपल्याकडचा मोठाच लाभ. मूल लवकर झोपू शकते. प्रत्यक्षात मात्र दुकान बंद करून वडील येईपर्यंत ते जागे राहते. जूनपूर्वी पंधरा दिवस वडिलांनी दुपारच्या जेवणाची वेळ मुलासाठी राखावी, म्हणजे रात्रीची वाट पाहणे संपेल.

सर्वांत अनिष्ट प्रथा म्हणजे मुलाची नजर चुकवून शाळेच्या दारातून निसटणे. त्या दिवशीचे रडणे टळते. पण दुसऱ्या दिवसापासून मूल आईचा पदर सोडत नाही. 'डबा खाऊन झाला, गाणे झाले, की आजोबा येतील' असे सांगूनच निघावे, आणि आजोबांनी खरोखरच सुटण्यापूर्वी पाच मिनिटे फाटकाशी उभे असावे. 'त्रास दिलास तर शाळेत पाठवीन' ही धमकी तर घरातून आजच हद्दपार व्हावी.

पावसात किल्ल्याच्या होड्या बंद होतात, बाजार थंडावतो. त्यामुळे पहिले आठ दिवस सोडणारे आणि आणणारे माणूस एकच ठेवणे जूनमध्ये जमण्यासारखे आहे. कोण येणार, हे मुलाला आदल्या रात्री सांगावे. दप्तरात कपड्यांचा एक कोरडा जोड असावा, आणि तो कोणत्या कप्प्यात आहे हे मुलाला ठाऊक असावे.