औषध दुकानातील पाचवा रकाना

औषधाच्या वेष्टनावर लाल चौकटीतील इशारा आणि लाल रंगातील ‘आरएक्स’ ही खूण दिसली, की ते औषध ‘शेड्यूल एच-वन’मधले समजावे. प्रभावी प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे अशा ४६ औषधांची ही यादी केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २०१३ रोजी अधिसूचित केली. १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली.

यातले औषध देताना दुकानदाराने वेगळ्या वहीत चार गोष्टी लिहायच्या असतात : चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेले प्रमाण. वही तीन वर्षे जपायची. रुग्णाचा पत्ता मात्र या चारांत नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात ही उणीव जाणवते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. दवाखाना एका राज्यात, दुकान दुसऱ्यात, घर तिसऱ्याच गावी, असे इथे सहज घडते. त्यात पटले, बिसेन, मेश्राम ही आडनावे गावोगाव. वहीत नुसते ‘मेश्राम’ लिहिले, तर माणूस शोधायचा कुठे?

क्षयरोगात हा प्रश्न जिवाचा होतो. साध्या क्षयरोगाचाही उपचार सहसा सहा महिने चालतो. खोकला थांबला, की काहीजण गोळ्या सोडतात. उरलेले जंतू मग त्याच औषधांना दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही लागण होऊ शकते. म्हणूनच १६ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाची औषधे विकणाऱ्या दुकानदारांवरही अशा रुग्णांची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी टाकली. पत्ता नसेल, तर कळवूनही आरोग्य कर्मचारी कोणाच्या दारी जाणार?

चिठ्ठीवर रुग्णाचा पत्ता असावा, असे १९४५ चे औषध नियमच सांगतात. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या अनेक चिठ्ठ्यांवर नाव आणि वय एवढेच होते. तेव्हा दुकानदाराने वहीत पाचवा रकाना आखावा : गाव, तालुका, मोबाइल. नोंद औषध देतानाच करावी. महिनाअखेरीस बिले समोर ठेवून वही भरली, की चुका शिरतात. आणि वही काउंटरवर उघडी ठेवू नये. त्यात लोकांचे आजार लिहिलेले असतात.

आपणही दुकानदाराने गाव विचारले, तर त्रासू नये. तपासणीसाठी ठेवलेली ही वही एखाद्याचा अर्धवट सुटलेला उपचार पुन्हा सुरू करून देऊ शकते.