पहिलटकरणीच्या पिल्लांना हात लावावा का?

वर्ध्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: मुलीने पांढऱ्या उंदरांची जोडी पाळली, मादी पहिल्यांदाच व्याली आणि घरातल्या आजीने बजावलं, की पिल्लांना माणसाचा हात लागला तर आई ती खाऊन टाकते. हे खरं का? आणि हातच लावायचा नसेल, तर पिल्लं माणसाळणार कशी?

आजींनी पाहिलेलं खोटं नाही, कारण मात्र दुसरं आहे. मेलेलं किंवा अशक्त पिल्लू उंदराची मादी खाते. पाणी कमी पडलं, खाण्यात प्रथिनं कमी असली, पिंजऱ्याजवळ सतत गडबड चालली, तर धडधाकट पिल्लंही वाचत नाहीत. पहिलटकरीण असेल तर हा धोका थोडा जास्त. पण पाळीव मादी केवळ माणसाच्या वासाने पिल्लं मारत नाही. जगभरच्या प्राणिगृहांत नवजात पिल्लं उचलली, मोजली, तोलली जातात आणि आया त्यांना पुन्हा कुशीत घेतात.

हात लावल्याने काय होतं, याचं उत्तर विज्ञानाला अगदी अनपेक्षित वाटेने मिळालं. १९५०च्या दशकात शिकागोत सेमूर लेविन हे मानसशास्त्रज्ञ लहानपणी बसलेल्या धक्क्याचे परिणाम तपासत होते. काही पिल्लांना ते रोज विजेचा सौम्य झटका देत. काहींना त्याच पेटीत ठेवून झटका न देताच परत आणत. तिसऱ्या गटाला कोणी हातही लावत नव्हतं. ती पिल्लं आईजवळ घरट्यात निवांत होती. झटके खाल्लेली पिल्लं मोठेपणी भेदरट निघतील, अशी अपेक्षा होती. निघाली ती तिसऱ्या गटातली! मोकळ्या अनोळखी जागेत सोडलं की ती कोपऱ्यात अंग चोरून बसत. ज्यांना रोज उचललं होतं ती, झटके खाल्लेलीसुद्धा, धिटाईने हिंडत. हा निकाल वाचताना मला दर वेळी नवा आनंद होतो. तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या गटाकडेच लेविननी नीट पाहिलं. तो गट ‘सर्वसामान्य’ असणारच, असं गृहीत धरून ते पुढे गेले असते, तर हा शोध हातून निसटला असता. पुढे १९५७मध्ये त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात अशा हाताळलेल्या पिल्लांची ताण सोसण्याची ताकद मांडली.

मग माणसाच्या हातात असं आहे तरी काय? बहुतेक काहीच नाही. खरं काम आई करते. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू गारठतं आणि सुमारे ४० किलोहर्ट्‌झच्या आवाजात ओरडतं. आपल्या कानांची मजल २० किलोहर्ट्‌झपर्यंतच, म्हणून आपल्याला सगळं शांत वाटतं. आईला मात्र ते ऐकू येतं. पिल्लू परतलं की ती त्याला अधिक चाटते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७मध्ये दाखवलं, की जास्त चाटणाऱ्या आयांची पिल्लं मोठेपणी ताणाला कमी बिचकतात. एकीची पिल्लं दुसरीजवळ वाढवली, तरी वाढवणाऱ्या आईचाच गुण त्यांच्यात उतरला.

पण पिल्लू काही मिनिटंच आईपासून दूर राहिलं, तरच हे खरं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईवेगळं ठेवलं, तेव्हा ती मोठेपणी चिंताग्रस्त वागली आणि त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेतही फरक दिसले. वैद्य यांना २०२२चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं, तेव्हा या संशोधनाची आपल्याकडे थोडीफार चर्चा झाली. व्हायला हवी होती त्याहून कमीच.

चर्चा झाली ती भलत्याच गोष्टीची. २००४मध्ये मीनी यांच्या गटाने दाखवलं, की चाटण्यामुळे पिल्लाच्या मेंदूतल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. तेवढ्यावरून आईच्या मायेने मुलाची जनुकं घडतात, असे मथळे आणि पुस्तकं निघाली. यातला माणसांविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. उंदराचं मेंदूशास्त्र मानवी आयांच्या डोक्यावर अपराधाचं ओझं म्हणून ठेवणं मला साफ नामंजूर आहे.

शिवाय या साऱ्या प्रयोगांत उंदीर हातात शांत बसतो, हे आपण धरूनच चालतो. हा शांतपणा मात्र पिढ्यानपिढ्या माणसाजवळ वाढल्याने आलेला आहे. तुमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निघणाऱ्या शोधनिबंधांत ‘विस्टार’ हे नाव वारंवार भेटतं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६पासून हे पांढरे उंदीर वाढवले गेले. तिथे हेलन डीन किंग या बाईंनी चार दशकं उंदरांच्या पिढ्या सांभाळल्या. १९०९मध्ये एकाच वेतातल्या दोन नर आणि दोन माद्यांपासून त्यांनी सख्ख्या भावंडांचा संकर सुरू केला आणि वंश खुरटत नाही, हे पिढ्यांमागून पिढ्या नोंदवलं. मग रानटी करडे उंदीर आणून त्यांच्याही पिढ्या बंदिवासात वाढवल्या. ते वजनदार होत गेले, त्यांचा विणीचा काळ लांबत गेला. १४ वर्षांच्या या नोंदी १९३९मध्ये छापून आल्या. संस्थेचं नाव उंदराला मिळालं, किंगबाईंचं नाव पाठ्यपुस्तकात सापडत नाही. वेताची नोंद ठेवणाऱ्याला विज्ञानाच्या इतिहासात मागची जागा मिळते, आणि हा अन्याय आहे.

आता तुमच्या पिंजऱ्याकडे येऊ. पहिले काही दिवस आई खायला बाहेर आली की तेवढ्यात पिल्लं मोजा. हात कोमट असू द्या, आधी पिंजऱ्यातलं गवत किंवा भुसा हातांना चोळा, दोन-तीन मिनिटांत पिल्लं परत ठेवा. चौदाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. तिथून पुढचे दोन आठवडे माणसाळवण्याचे. रोज हातावर, कुशीत, बाहीत खेळू द्या. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप उंदरांना गुदगुल्या करत, तेव्हा ते ५० किलोहर्ट्‌झच्या आसपास आनंदाचे चीत्कार काढत!

सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं आईच्या ताटलीतलं कुरतडू लागतात. प्रयोगशाळेत २१व्या दिवशी दूध तोडतात. घरी घाई नको, चार आठवडे आईजवळ राहू द्या. खाण्यात नुसता पोळी-भात नको. भिजवलेली डाळ, थोडं उकडलेलं अंडं हवं. कुन्नूरला ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचा आहार दिला होता. त्यात शीख आहार पहिला आला आणि मराठी आहार पठाणांच्या मागोमाग तिसरा. दुसऱ्या एका प्रयोगात निकृष्ट आहारावरचे उंदीर मात्र चिडके झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले, शेवटी एकमेकांना खाऊ लागले.  गांधीजींचा प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध होता, हे वर्धेकरांना सांगायला नको. त्यांनी मांडलेला प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि म्हणूनच या उंदरांकडून जे कळलं ते वाया घालवू नये.

वर्ध्याच्या मे महिन्यात वेत होऊ देऊ नका. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता टाकतो. पारा तिशीच्या बराच पुढे गेला की बाळंतीण तगमगते. आणि शेतातून, गोठ्यातून आणलेल्या रानटी उंदराची पिल्लं या प्रेमाने पाळायला घेऊ नका. लेप्टोस्पायरा त्यांच्या मुतातून पसरतो. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात पसरलेला स्क्रब टायफस हा ताप पसरवणारे चिगर माइटही उंदरांच्या अंगावर आढळतात.

पाचवा आठवडा संपायच्या आत नर पिल्लं वेगळ्या पिंजऱ्यात जायला हवीत, कारण त्याच सुमारास भावंडं वयात येतात. बाप अजून त्याच पिंजऱ्यात असेल तर त्याला आजच बाहेर काढा. व्याल्यापासून एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते.