नांगर घडविणे आणि नांगर विकणे

अभियांत्रिकीचा विद्यार्थी यंत्र घडवायला शिकतो. ते विकायला त्याला कोण शिकविणार? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावी आले. त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. समजूत ओसरली, तेव्हा धंदा वाढला. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

गिऱ्हाईक कोण, किंमत किती, भांडवल कोठून, हे आता शिकविले जाते. मुंबईच्या आयआयटीत २००४ साली त्यासाठी ‘साइन’ ही संस्था निघाली. विद्यार्थ्यांच्या ड्रोनमधून ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी तिच्याच आधाराने वाढली.

सुप्याच्या एमआयडीसीत आपण नोकरी मागायला जातो. हे शिक्षण आपल्यापर्यंत पोचले, तर उद्या तेथे नोकरी देणाराही आपल्यातलाच असेल.