काचपट्टीवरचं नाव

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला स्नेहलतागंजात मावशीकडे गेले होते. दारातच लक्षात आलं, मावशीच्या नाकात चमकी नाही. विचारलं तर म्हणाली, "अगं, छोटीशी पुटकुळी आहे. खपली धरते, पडते, पुन्हा ओली होते." गेले सहा महिने हे चाललं होतं आणि उपाय एकच, हळद आणि तूप. आपल्या सीमाभागात तरी वेगळं काय? हळद म्हणा की अरिशिण, घरोघरी पहिलं औषध तेच!

आदल्याच आठवड्यात तिची तपासणी झाली होती. अहवालात लिहिलं होतं, 'पेशी अपुऱ्या'. चूक आमचीच होती. लेप लावूनच ती गेली होती आणि काचपट्टीवर आली ती खपली आणि हळद. पुन्हा जायला मावशी तयार नव्हती. "सुरी लागली की रोग पसरतो म्हणतात."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की नमुना घेतल्याने असे रोग पसरत नाहीत. पसरतात ते दुर्लक्षाने. या वेळी त्यांनी सलाइनने जागा पुसली, खपली अलगद काढली आणि पात्याने व्रणाचा तळ व कड हलकेच खरवडली. रोगाच्या पेशी तिथेच सापडतात. त्वचेवरच्या फोडांसाठी ही पद्धत फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ आर्नो त्झांक यांनी १९४७ साली मांडली होती.

एक काचपट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली, कारण हवेत सुकल्या तर पेशींचा आकार बिघडतो. दुसरी मुद्दाम सुकवली, कारण तिला द्यायचा रंग वेगळा. नाव मात्र पेन्सिलीने लिहिलं. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते! मग जागा बधिर करून छोटासा तुकडाही घेतला आणि तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मलिन असलेल्या बाटलीत टाकला. नाव झाकणावर नाही, बाटलीवर. झाकणं अदलाबदल होतात. बाटली आणि काचपट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत दिल्या, कारण फॉर्मलिनच्या वाफेने काचपट्टीवरचा रंग नीट चढत नाही. प्रयोगशाळेत त्या पिशव्या मीच पोहोचवल्या. हातात माणूस असल्यासारखं वाटत होतं.

निदान झालं, बेसल सेल कार्सिनोमा. त्वचेचा हा कर्करोग हळू वाढतो, शरीरात इतरत्र क्वचितच जातो, पण तसाच ठेवला तर नाकाची कूर्चासुद्धा पोखरतो. मावशीचं वेळेत निभावलं. छोटी शस्त्रक्रिया झाली आणि टाके निघाले.

म्हणून सांगते, महिनाभरात न भरणारी जखम घरात कुणालाही असो, डॉक्टरांना दाखवा. जाताना हळद, मलम, पावडर काही लावू नका. आधी काय काय लावलं ते न लाजता सांगा. आणि बाटलीवरचं नाव स्वतः वाचून घ्या.

मावशीचा परवाच फोन आला होता. चमकी तिने आता उजवीकडे घातली आहे.