ढगांचे माथे आणि मंडळातले पर्जन्यमापक

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस, तूर आणि सोयाबीन यांची शेती बहुतांशी कोरडवाहू असल्याने पाऊस कधी, किती आणि नेमका कोठे पडला हा प्रश्न येथे केवळ हवामानशास्त्राचा राहत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानीच्या पंचनाम्यांना आधार मिळतो. हा आकडा देणारे पर्जन्यमापक मात्र एकाच जागेचे पाणी मोजते, आणि पावसाळी ढग एका शिवारात धो धो कोसळून शेजारचे शिवार कोरडे ठेवू शकतो. दोन मापकांमधील ही उणीव भरून काढण्यासाठी उपग्रहाकडे पाहिले जाते. पण भूस्थिर उपग्रहाच्या नेहमीच्या चित्रात ढग दिसतो, पाऊस दिसत नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरणारा, आणि म्हणून आकाशात स्थिर भासणारा, तो भूस्थिर उपग्रह होय. सप्टेंबर २०१६ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवर आहे. यवतमाळ शहर सुमारे ७८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ दोहोंच्या मध्यावर येते. हे उपग्रह अवरक्त किरणांवरून, म्हणजे वस्तूतून बाहेर पडणाऱ्या अदृश्य उष्ण प्रारणावरून, ढगाच्या माथ्याचे तापमान मोजतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि म्हणून पाऊस अधिक, असा त्यामागचा तर्क असतो. तो अनेकदा खरा ठरतो, तरी उंचावरचे विरळ तंतुमेघ अतिशय थंड असूनही पाऊस देत नाहीत, तर काही बुटके, तुलनेने उबदार ढग चांगलेच बरसतात.

ढगाच्या आत डोकवायचे तर सूक्ष्मतरंगांचा, म्हणजे अवरक्त किरणांहून लांब लहरींचा, आधार घ्यावा लागतो. त्यांच्यावर थेंबांचा आणि हिमकणांचा थेट परिणाम होतो. भूस्थिर कक्षेइतक्या दूरवरून या लहरींनी बारीक तपशील टिपता येत नसल्याने असे उपग्रह काहीशे किलोमीटर उंचीवर ठेवावे लागतात, आणि तेथून ते एखाद्या जिल्ह्यावरून काही मिनिटांतच निघून जातात. एका देशाच्या एकदोन उपग्रहांनी पावसाचा दिवसभराचा हिशेब लागणे अशक्य असल्यामुळे येथे सहकार्य हे सौजन्य नसून गरज आहे.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला भारत-फ्रान्सचा ‘मेघा-ट्रॉपिक्स’ याच गरजेतून घडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २० अंशांनी कललेली होती, त्यामुळे तो साधारण यवतमाळच्याच अक्षांशापर्यंत येऊन पुन्हा दक्षिणेकडे वळे. पाऊस मोजणारे त्याचे मुख्य उपकरण, ‘मद्रास’, २०१३ मध्ये बंद पडले. तरीही हवेतील बाष्प थराथराने मोजणारे ‘सफीर’ पुढेही चालू राहिले आणि त्याच्या नोंदी युरोपातील हवामान केंद्रांनीही आपल्या अंदाजांत वापरल्या. ज्या उपकरणाकडून कमी अपेक्षा होती, त्यानेच मोहिमेची लाज राखली, असे म्हणावयास हरकत नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिका आणि जपान यांनी सोडलेल्या ‘जीपीएम’ मोहिमेच्या मुख्य उपग्रहावर रडार असून, निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांची मापे त्याच्याशी ताडून एका पट्टीवर आणली जातात. त्यातून दर अर्ध्या तासाला, सुमारे दहा किलोमीटरच्या चौकटींत पावसाचा अंदाज तयार होतो. भारतात त्याची जमिनीवरील पर्जन्यमापकांच्या नोंदींशी सांगड घालून दैनंदिन पर्जन्यनकाशे तयार केले जातात. अशा एका चौकटीत अनेक गावे सामावतात, म्हणून पंचनाम्यासाठी हा नकाशा अद्याप पुरेसा नाही. आणि झाडाखाली किंवा भिंतीलगत बसवलेले मापक पाऊस कमी दाखवत असेल, तर तीच चूक दुरुस्तीच्या नावाखाली उपग्रहाच्या आकड्यातही उतरते.