जोखमीचे गरोदरपण : तज्ज्ञांच्या देखरेखीत काय अपेक्षावे?

गरोदरपण हा आजार नव्हे, हे खरेच आहे. परंतु काही मातांच्या बाबतीत या नऊ महिन्यांत माता व बालक या दोघांच्याही जिवाला धोका संभवतो. अशा मातेस तज्ज्ञांकडे पाठविण्याचा सल्ला आरोग्य सेविकेने दिला, की घरात एक तर घबराट होते किंवा जुन्या पिढीच्या बाळंतपणांचे दाखले देऊन तो सल्ला बाजूस सारला जातो. तज्ज्ञांची देखरेख म्हणजे नेमके काय, याची कल्पना नसल्यामुळेच हे घडते.

महाराष्ट्रात २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. ही प्रगती समाधानकारक असली, तरी उरलेल्या मृत्यूंपैकी बरेचसे वेळीच धोका ओळखल्यास टळू शकतात.

जोखीम कोणाला?

मातेचे वय अठराहून कमी किंवा पस्तीसहून अधिक असणे, उंची १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असणे, पूर्वीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले असणे, जुळी मुले, पोटात बाळ आडवे असणे किंवा वार खाली असणे, ही जोखमीची काही लक्षणे होत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरणे, मधुमेह, आणि रक्तातील हिमोग्लोबिन सातपेक्षा कमी होणे हीदेखील तितकीच गंभीर होत. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आढळतात. म्हणून त्याची तपासणी येथे विशेष महत्त्वाची ठरते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. त्यानुसार दरमहा ९ तारखेस शासकीय रुग्णालयांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावली जाते. ही लाल खूण संकटाची नव्हे, अधिक काळजीची आहे, हे घरच्या मंडळींस समजावून सांगितले पाहिजे.

तज्ज्ञ काय करतात?

पहिल्या भेटीत तज्ज्ञ मागील बाळंतपणांची तपशीलवार चौकशी करतात. गर्भपात, मृत जन्म किंवा अतिरक्तस्राव झाला असल्यास तो लपवू नये. त्यानंतर रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवीतील प्रथिने यांची तपासणी होते. साखरेच्या चाचणीसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. सोनोग्राफीने बाळाची वाढ, वारेची जागा व गर्भजलाचे प्रमाण कळते. गर्भलिंग सांगणे वा विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पुढील भेटी सर्वसाधारण मातेपेक्षा जवळजवळ ठेवल्या जातात. रक्तक्षयासाठी गोळ्यांतून किंवा शिरेतून लोह दिले जाते; क्वचित रक्तही द्यावे लागते. मातेचा रक्तगट निगेटिव्ह व पित्याचा पॉझिटिव्ह असल्यास विशिष्ट इंजेक्शन देतात. बाळंतपण अवेळी होण्याची शक्यता दिसल्यास बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणूनही इंजेक्शन दिले जाते. जोखमीची प्रत्येक माता शस्त्रक्रियेनेच बाळंत होते, ही समजूत चुकीची आहे. मात्र शस्त्रक्रिया, रक्त व नवजात शिशूंचा कक्ष जेथे उपलब्ध आहे, तेथेच तिचे बाळंतपण व्हावे.

दर्यापूरच्या संदर्भात

दर्यापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढील उपचारांसाठी अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. लोकांच्या तोंडी ते आजही ‘डफरीन’च आहे. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरीन यांनी उभारलेल्या निधीची आठवण या नावात टिकून आहे. दर्यापूर ते अमरावती हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. येवद्यासारख्या गावाहून निघालेल्या मातेला त्याआधी दर्यापूर गाठावे लागते. पूर्णाकाठच्या काळ्या चिकणमातीत पावसाळ्यात पांदणरस्ते बंद पडतात. म्हणून कळा सुरू होण्याची वाट न पाहता, तज्ज्ञांनी सांगितलेल्या तारखेच्या काही दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे मुक्कामास जाणे शहाणपणाचे ठरते. मेळघाटात याच हेतूने आरोग्य केंद्रांच्या ठिकाणी ‘माहेरघर’ योजना राबविण्यात आली.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची आपल्याकडे रीत आहे. लेक माहेरी जाताना तिचे कार्ड, तपासण्यांचे कागद व औषधे सोबत गेलीच पाहिजेत. अन्यथा नव्या ठिकाणी डॉक्टरांना सारे पहिल्यापासून शोधावे लागते. सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईस निरोप दिल्यास देखरेखीत खंड पडत नाही.

विलंब नको

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ १०८ अथवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. त्यामुळे पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

निर्णयास, प्रवासास आणि उपचारास होणारा उशीर, हे मातामृत्यूचे तीन टप्पे मानले जातात. यांपैकी पहिले दोन गावाच्या हाती आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागातील लाल खुणेच्या मातांची माहिती आशाताईकडून घ्यावी आणि रात्री-बेरात्री उपयोगी पडेल असे एक वाहन आधीच ठरवून ठेवावे. मातेची माहिती चारचौघांत चर्चेचा विषय होणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. शिक्षकांनी पालकसभेत मुलींच्या लवकर विवाहाचे धोके मांडावेत. तज्ज्ञ आपले काम रुग्णालयात करतील. माता तेथे वेळेवर पोहोचेल, हे पाहणे गावाचे कर्तव्य आहे.